पूल कुठून तुटतो

नवतपाचा पहिला दिवस.
हिंगणा रोडचं डांबर चपलेला चिकटतंय
आणि सकाळी साडेसातला कॉलेजच्या फाटकातून
सव्वीस पोट्टे-पोट्टी आत येतात,
तोंडाला दुपट्टे गुंडाळून, दरोडा घालायला आल्यासारखे.
सातवी ते अकरावी. एकेकाच्या खिशात
आईने कोंबलेला कांदा.
त्यांच्या फॉर्मवर : उन्हाळी अभियांत्रिकी शिबिर, दहा दिवस.
माझ्या कागदावर : फिटर एम. जी. खोब्रागडे, हजर राहावे.

एकतीस वर्षं मी इथल्या लेथवर आहे.
जुलैत येणारी मोठी पोरं
मार्कांना, मास्तरांना, एकमेकांना भिऊन असतात.
ही मेमधली व्हर्नियरने एकमेकांची नाकं मोजतात.
एकाने विचारलं,
"काका, या मशीनले राग येते का?"
येतो, म्हटलं, सैल बाहीचा.
सव्वीस जणांनी बाह्या दुमडल्या.

ठवकर मॅडमनी फळ्यावर आकृती काढली.
चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण हट्टी असतो, म्हणाल्या,
आणि कूलरच्या घरघरीत
अर्ध्यांना हत्ती ऐकू आलं.
दोन दिवस हसणं थांबेना.
पूल मात्र सगळ्यांनी हत्तींचेच बांधले :
शंभर कुल्फीच्या काड्या, फेविकॉल, सुतळी.

श्रुतिका बारापात्रे, नववी, गोळीबार चौक.
घरी हातमाग होता, त्या जागी आता
वडलांचं मोटर वाइंडिंग.
एवढंच तिने सांगितलं, तार कापावी तसं.
प्रत्येक काडी खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर धरायची,
वाकडी असली की बाजूला.
शंभरातल्या एकोणीस परत आणून दिल्या.
"एक्क्याऐंशीत होते," म्हणाली.

नवव्या दिवशी वजनं टांगली.
पहिला पूल चार किलोला गेला. टाळ्या.
दुसरा सात.
तिसऱ्याचा गोंदच ओला, तो वजनाआधीच बसला
आणि त्याचा मालक, आठवीतला कैवल्य,
इतका हसला की त्याला धरून पाणी पाजावं लागलं.
मॅडम लिहीत होत्या : सांधा. मधली काडी. पुन्हा सांधा.

श्रुतिकाचा पूल बाराला हलला नाही.
वीस. बावीस. वजनं संपली.
मी लेथचा चक आणून टांगला,
मग बाकावरचा व्हाइस,
मग कुणीतरी पन्ह्याची भरलेली कळशी.
पूल हूं नाही, चूं नाही.
पहिला नंबर, फोटो, गलका,
आणि ही कोपऱ्यात रडवेली.
"काहून वं? जिंकली ना तू?"
"कुठून तुटते ते कळलंच नाही, काका.
बाकीच्यायले कळलं."

सहाला सगळे गेले. तिचे बाबा यायचे होते.
मी कुलूप हातात घेऊन उभा राहिलो,
मग ते खाली ठेवलं
आणि लोहारकामाच्या शेडमधून ऐरण ओढत आणली.
सहालाही झळ अशी की लोखंड धरवत नव्हतं.
दोघांनी मिळून दोर अडकवला, हळूच सोडला.

बोट मोडावं तेवढाच आवाज.

ती गुडघ्यांवर बसली. डावीकडून तिसरा सांधा.
एक काडी काढून तिने उजेडात धरली.
"ही ठेवाचीच नव्हती," म्हणाली. "मले माहीत होतं."

फाटकाशी लुना थांबली.
"काय झालं वं?"
"तुटला, बाबा!" ती धावत सुटली,
रस्त्यावरच्या माणसाला वाटावं
हिला लॉटरी लागली.

महिनाअखेर माझी निवृत्ती.
एकतीस वर्षांत माझा एकही जॉब परत आला नाही,
रजिस्टरात तसंच लिहिलंय,
साहेब भाषणात तेच वाचतील.
त्या रात्री कूलरसमोर आडवा पडून
मी वाळ्याचा ओला वास घेत
बऱ्याच उशिरापर्यंत मोजत होतो
कुठल्या कुठल्या काड्या, माहीत असून, ठेवल्या.

तिची ती काडी माझ्या शर्टच्या खिशात आहे,
कांद्याशेजारी.